ढिला राहिलेला नट

माझ्या जुन्या गाडीच्या बॉनेटची केबल वर्षातून एकदा तरी अडकते. मग मी शाहूपुरीतल्या एका मेस्त्रींकडे जातो. नवी केबल टाकायला ते सहसा तयार होत नाहीत. जुनीच बाहेर काढून गंज घासतात, शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब सोडतात आणि मला आत बसवून खटका ओढायला लावतात. "वडा. सोडा. वडा." स्वतः बॉनेटला कान लावून डोळे मिटतात. मी मध्येच बोललो तर म्हणतात, "पावणं, जरा गप बसा की."

परवा सकाळी आईला घेऊन आजऱ्याला निघालो होतो. आदल्याच दिवशी केबल दुरुस्त करून आणली होती. सामान ठेवत होतो, तेवढ्यात मेस्त्री स्कूटरवरून दारात आले. पूर्वी एकदाच आले होते, तरी घर लक्षात होतं.

"बॉनेट उघडा."

बॉनेट अडकवणाऱ्या कडीच्या नटाला त्यांनी पाना लावला. नट चांगला अर्धा फेरा फिरला.

"ढिला ऱ्हायलता. घाटात बॉनेट उडून काचंवर आलं असतं. चूक माझी हाय."

आई शेजारीच उभी होती. सहज बघायला आलो, असं ते म्हणाले असते तर मला खरंच वाटलं असतं. आई म्हणाली, "चहा घेऊन जावा."

"नको आक्का. काल आनि एक गाडी अशीच दुरुस्त केलती. ती नेसरीला गेलीया, फोन लागंना," असं म्हणत त्यांनी स्कूटरला किक मारली.