पळसाचा पंचनामा

फिटरकाकांचा ऐकीव गोष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. लग्नपत्रिका आली तरी आदल्या दिवशी सायकल काढून मांडव पडला की नाही ते स्वतः बघून येत, मगच काकूंना आहेराचं लुगडं काढायला सांगत. जवाहरनगरच्या कारखान्यात उभी नोकरी फिटर म्हणून केलेली. निवृत्त होऊन आपल्या मूळ गावी, भंडाऱ्यात, आमच्या शेजारी राहायला आले ते ही खोड बरोबर घेऊनच. कोणी काही सांगू लागलं की त्यांचा एकच प्रश्न, "पाहून सांगून राहिला का आयकून?"

एकदा तो माझ्यावरच आला. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. वस्तीला लागून असलेल्या झुडपी जंगलाच्या जागी दुकानांचे गाळे काढायचं घाटत होतं, आणि ते काम पाहणाऱ्या कार्यालयात मी नेमका कारकून. साहेबांनी जागेचा अहवाल मागितला. मी खुर्चीवरून न उठता लिहून दिलं, 'जागा ओसाड व निरुपयोगी.' दप्तरात झुडपी जंगल लिहिलंय म्हणजे तिथं झुडपंच असणार, असं माझं शहाणपण.

काकांना हे सांगितलं, तर त्यांचा तोच प्रश्न आला, आणि मला खरं सांगावं लागलं. ते रागावले असते तर परवडलं असतं. ते एवढंच म्हणाले, "माह्या मायनं तिथल्याच पानाच्या पत्रावळ्या लावून मले शिकवलं. आन तू निरुपयोगी लिहून मोकळा झाला?"

मग त्यांनी सह्यांची मोहीम काढली, तीही त्यांच्याच तऱ्हेची. सहीसाठी कागद मागणाऱ्याला दटावत, "सही मंग. पयले जंगल पाहून ये." सह्या मुंगीच्या पावलानं जमत. पण जो जाऊन येई तो दुसऱ्या दिवशी चार जणांना घेऊन पुन्हा जाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, "चाल. तुह्या साहेबालेही घे." आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या ठेवतात. जंगलात पोचलो तर अर्धं गाव डहाळ्या तोडायला लोटलेलं. साहेब बाहेरगावचे, बघतच राहिले. विणकरांच्या गल्लीतली एक म्हातारी त्यांना म्हणाली, "इथं दुकानं बांधसान साहेब, मंग पळस कोणत्या दुकानात भेटन?"

काकांचं घर बौद्ध. मी हळूच चिडवलं, "काका, तुमच्या घरी तर पोळा नाही."

"पोळा नसन. पळस तर आहे ना."

साहेबांनी तिथंच उभ्याउभ्या मला नवा पंचनामा लिहायला लावला. काका झाडाला हात लावत, नाव सांगत, आणि मी लिहीत गेलो. मोह, चारोळीचं चार, टेंभुर्णी, पळस. खाली पुन्हा माझीच सही. मग अर्ज, चकरा, मोर्चा सगळं झालं. शेवटी गाळे रद्द झाले आणि जंगल गावासाठी राखलं गेलं.

काका जायच्या पंधरा दिवस आधी मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो. इतकी वर्षं मनात डाचत होतं ते बोलून टाकलं, "काका, तो पहिला कागद अजून फायलीत आहे. माझ्या सहीचा. लाज वाटते."

 ते माझा हात थोपटून म्हणाले, "राहू दे. दोन्ही सह्या तुह्याच आहेत ना? माणूस बदलते, हे वाचणाऱ्याले समजन."