आधी रंग, मग टेस्ट

नीरजा तांबेच्या सासूबाई, ठमाबाई, टिटवाळ्यात शेजारणींना सांगायच्या की आमची सून तेलाच्या कंपनीत मोठी साहेब आहे. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर बिल्डिंगमधल्या दोघीतिघी तरी शेंगदाणा तेलाचा डबा स्वस्तात मिळेल का, म्हणून विचारायला यायच्या. नीरजा हसून सोडून द्यायची. तिचं तेल समुद्राच्या तळाखाली होतं आणि तिने ते कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. भर समुद्रात तेलविहिरींवर जे प्लॅटफॉर्म उभे असतात, त्यांना लागणारा माल विकत घ्यायचा आणि वेळेत बोटीवर चढवायचा, हे आमच्या कंपनीचं काम. वागळे इस्टेटमध्ये आमचं ऑफिस आहे. नीरजा तिथे खरेदी अधिकारी, आणि मी, प्रभाकर, शेजारच्या टेबलावर मालाची कागदपत्रं बघतो.

लोकांना वाटतं खरेदी म्हणजे खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे. प्रत्यक्षात ज्या माणसाने "आज संध्याकाळी नक्की" म्हटलं असेल, त्याच्या मागे सकाळपासून हात धुऊन लागावं लागतं. नीरजा त्याच्याही पुढची. ती फोनवर विश्वास ठेवायचीच नाही, स्कूटर काढून माल बघायला जायची. अगं, त्याचे तुला वेगळे पैसे मिळतात का, असं मी शंभरदा विचारलं असेल. ऐकेल तर शपथ. तशात ती आठ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. त्या ऑगस्टमध्ये तिची पर्मनंटची फाइल आमच्या मॅनेजरकडे, मुकुल सरांकडे, सहीला गेली होती. ती सही झाली की ठमाबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन कंपनीच्या मेडिकलमध्ये बसणार होतं. म्हातारी जिना चढताना दर पायरीला थांबायची, हे नीरजाने मला एकदाच सांगितलं होतं, पण ते तिच्या डोक्यातून कधी जात नसे.

आता ज्या मालावरून सगळं झालं, तो माल. जड सामान क्रेनने उचलायचं तर ते पोलादी तारांच्या जाड दोरांनी बांधतात. या दोरांना स्लिंग म्हणतात. दोन्ही टोकांना फास असतो आणि फास सुटू नये म्हणून धातूची एक बांगडी दाबून बसवलेली असते. प्रत्येक स्लिंग ओढून बघायचं, टिकलं तर त्या बांगडीला रंग मारायचा. दर सहा महिन्यांनी रंग बदलतो. मागे पिवळा होता, जुलैपासून हिरवा. प्लॅटफॉर्मवर स्लिंग लावणारा माणूस वाऱ्यात उभा असतो, हातात जाड मोजे असतात. तो सर्टिफिकेट वाचत बसत नाही. बांगडी हिरवी दिसली की हूक अडकवतो.

आमची स्लिंग कुंडलिक म्हणून एक जण पुरवायचा. आंबिवलीत त्याचं छोटं वर्कशॉप, तो आणि दोन कामगार. मुकुल सरांना पुण्याची मोठी पार्टी हवी होती. नीरजाने मीटिंगमध्ये कुंडलिकची बाजू घेतली, त्याची जबाबदारी माझी, असं सगळ्यांसमोर बोलून बसली. माणूस कामाला चोख होता, यात वाद नाही. जुलैत मात्र त्याचा एक लॉट जुन्या पिवळ्या रंगात गेला आणि तसाच परत आला. तेव्हा नीरजाने त्याला फोनवर बजावलं की यापुढे हिरवा मारा, रंग चुकला तर माल परत येतो. मी शेजारीच बसलो होतो. तिच्या बोलण्यात मलाही तेव्हा काही कमी वाटलं नाही.

त्या शनिवारी ती ऑफिसला येण्याआधी आंबिवलीला गेली. आदल्या दिवशी कुंडलिककडून चार स्लिंग धक्क्यावर गेली होती. तिथे त्या स्लिंगनी एक अवजड पंप बांधून बोटीवर चढवला होता आणि बोट रात्रीच निघाली होती. नीरजाला पुढच्या ऑर्डरचं बोलायचं होतं. कुंडलिकने चहा मागवला. चहा येईपर्यंत तिची नजर भिंतीकडे गेली. खुंटीवर चार स्लिंग लटकत होती, चारही हिरवी. ही कुणाची, असं तिने सहज विचारलं. कुंडलिक म्हणाला, तुमचीच मॅडम, पुढच्या खेपेची. आठ एकदम बनवलेली. चार टेस्ट झाली, ती काल गेली. ही चार टेस्ट व्हायची आहेत.

"टेस्ट व्हायची आहेत, तर हिरवी कशी?"

"तुम्हीच बोललेलात ना, हिरवा मारा म्हणून. या दमट हवेत रंग वाळत नाय मॅडम. म्हटलं, आठही आधीच मारून ठेवू, टेस्ट मग घेऊ."

नीरजा उठली आणि तिने खुंटीवरचं एक स्लिंग उलटं करून बांगडी पाहिली. मागच्या बाजूला नंबर ठोकलेला होता. त्या नंबराचं टेस्ट सर्टिफिकेट तिला आदल्या दिवशीच ईमेलने आलं होतं. दुसरी पाहिली, तिसरी, चौथी. टेस्ट झालेली चारही इथेच भिंतीवर होती. आदल्या दिवशी कुंडलिक बँकेत गेला असताना टेम्पोवाल्याने हिरवी दिसली ती चार उचलली होती. बोटीवरच्या पंपाला बांधलेली स्लिंग कोणी एकदाही ओढून पाहिलेली नव्हती.

तिने पहिला फोन मुकुल सरांना लावला. सर तेव्हा माझ्या टेबलाशी उभे होते आणि त्यांनी फोन स्पीकरवर घेतला, म्हणून पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. सरांनी आधी तिला शांत व्हायला सांगितलं, खरं तर ती शांतच होती. मग ते म्हणाले की हे दोर लिहिलेल्या वजनाच्या कितीतरी पट सहन करतात. प्लॅटफॉर्मची क्रेन थांबवली तर तिथल्या प्रत्येक हिरव्या मालावर शंका येणार, अख्खा दिवस काम बंद, आणि क्लायंटला कळवायचं काय, तर आमच्या पुरवठादाराने न तपासलेला माल दिला? पंप एकदा वर प्लॅटफॉर्मवर जाऊ दे, स्लिंग गुपचूप परत मागवू.

"आणि धक्क्यावरून बोटीवर पंप याच स्लिंगनी चढला ना? तेव्हा तुटली का?"

"धक्का हलत नाही सर. बोट हलते."

सर फोनवर वाकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नीरजा, तुझी फाइल माझ्या टेबलावर आहे. मी धमकी देत नाहीये. तू कुणाची जबाबदारी घेतली होतीस, ते मीटिंगमध्ये सगळ्यांनी ऐकलंय, एवढंच सांगतोय." ही धमकी नसेल तर धमकी कशाला म्हणतात, मला माहीत नाही. मला सरांचा भयंकर राग आला, आणि मी तोंड उघडलं नाही याचाही.

आमच्या पाण्याच्या मशीनवर एक चकचकीत पोस्टर लावलंय. धोका दिसला तर कंपनीतला कोणीही काम थांबवू शकतो, असं त्यावर लिहिलंय. इतक्या वर्षांत ऑफिसातून कोणी एसीखेरीज काही थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं. नीरजाने सरांचा फोन ठेवला आणि मला लावला. काका, प्लॅटफॉर्मच्या कंट्रोल रूमला जोडून द्या, मोबाइलवरून लागत नाहीये, म्हणाली. सर समोर उभे होते. तरी मी जोडून दिला आणि रिसीव्हर कानाशीच धरून ठेवला.

कंट्रोल रूममधल्या माणसाने विचारलं, कोण बोलतंय, कुठल्या अधिकारात. तिने नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि म्हणाली की पंपाची स्लिंग टेस्ट न झालेली आहेत, पंप उचलणं थांबवा. त्याने थांबायला सांगितलं. रेडिओची खरखर ऐकू येत होती. मग तो म्हणाला, मॅडम, बोट प्लॅटफॉर्मला लागली आहे, हूक अडकवला आहे, पंप बोटीच्या डेकवरून सुटायच्या बेतात आहे. तुमची खात्री आहे का?

"खात्री नाही म्हणूनच थांबवायला सांगतेय. माणसं बाजूला घ्या."

मग नुसती खरखर. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. सर खिडकीशी गेले होते. मला डोळ्यांपुढे तो पंप दिसत होता, आणि खाली मान वर करून उभा असलेला कोणीतरी, ज्याचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. पलीकडे आंबिवलीत नीरजा श्वास घेतेय की नाही, तेही कळेना. शेवटी त्या माणसाचा आवाज आला, पंप उचललाच नाही, हूक काढला, माणसं बाजूला झाली. नीरजाने थँक यू म्हटलं आणि फोन बंद झाला. ती नंतर वर्कशॉपच्या पायरीवर बसून रडली, हे तिनेच मला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ती चार स्लिंग परत आली आणि आंबिवलीला आणली. सरांनी मला साक्षीदार म्हणून पाठवलं. कुंडलिकने दाढी केलेली नव्हती. मशीनवर पहिलं चढवलं, दोन्ही टोकं ताणली जाऊ लागली, तारा करकरल्या. नीरजा काय मागत असेल देवाकडे, असं माझ्या मनात आलं. तुटलं तर ती खरी ठरणार होती आणि कुंडलिकचं दुकान बंद होणार होतं. टिकलं तर एक दिवस समुद्रावरचं काम उगीच बंद पाडणारी बाई, म्हणून तिचं नाव होणार होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती टिकू दे, टिकू दे, असं पुटपुटत होती.

चारही टिकली.

मी सरांना कळवलं. म्हणजे काही नव्हतंच, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नीरजाची फाइल सही न होता पुढच्या वर्षावर गेल्याचं आम्हाला आदल्याच दिवशी कळलं होतं. कुंडलिकच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. पास झाली ना मॅडम, आता यादीतून माझं नाव काढणार नाही ना, असं त्याने विचारलं.

"तुमचं नाव नाही काढत. मी रिपोर्टमध्ये लिहिलंय की चूक आधी माझी आहे. हिरवा मारा एवढंच सांगितलं मी. तो का मारायचा, ते सांगितलंच नाही."

मी तिला तिथेच झापलं, अगं, एवढं स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायची काय गरज होती. तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. कुंडलिकला समोर बसवून तिने सांगितलं की हिरवा म्हणजे हे दोर कोणीतरी ओढून बघितले आहेत. तिकडचा माणूस दुसरं काही बघत नाही. तो रंग बघतो, हूक अडकवतो आणि ओझ्याखाली उभा राहतो. तुमच्या शब्दावर उभा राहतो, कुंडलिकदादा.

कंपनीचा रंग असतो, ड्रेससारखा, असंच मला वाटलेलं, असं कुंडलिक हळूच म्हणाला. मग त्याने कामगारांना बाहेर जायला सांगितलं. माझ्याकडे एकदा बघितलं, सांगू की नको असं त्याला झालं असावं.

"मॅडम, जुलैपासून अजून दोन पार्ट्यांना माल गेलाय. त्यांनापण हिरवाच हवा होता. त्यांचापण मी आधीच मारलेला. कुठली टेस्ट होऊन गेली, कुठली तशीच गेली, मला सांगता नाय यायचं."

त्या पार्ट्या आमच्या नव्हत्या, तो माल आमचा नव्हता, आणि नीरजाची पुढच्या वर्षीची सहीसुद्धा मुकुल सरच करणार होते. मला हे सगळं तिला सांगायचं होतं. तिने पर्समधून मोबाइल काढला, कुंडलिकच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "पहिल्या पार्टीचा फोन नंबर सांगा दादा. आधी तुम्ही बोला, अडलात तर मी बोलते."