कोर्टाचा शर्ट

"रेडिओ तयार आहे. घेऊन जा. हे दुकान आहे, गोदाम नव्हे."

श्रीकांतरावांचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. शनिवारी येते म्हणून मी हसत फोन ठेवला. शुक्रवारी सकाळी त्यांच्या मुलीचा, गौरीचा फोन आला. झोपेतच गेले होते. त्या शनिवारी मी बुधवार पेठेत गेले नाही... त्यानंतरही बरेच दिवस पाऊल तिकडे वळलं नाही.

श्रीकांतराव रेडिओ दुरुस्त करत. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की भरून जाईल एवढं त्यांचं दुकान. मी कॉलेजात इतिहास शिकवायचे. एकदा बिघडलेला रेडिओ घेऊन गेले आणि पुढे रेडिओ नीट चालत असतानाही जात राहिले. माझ्या हातातलं पुस्तक ते हमखास चाळून बघायचे. "तुमच्या पुस्तकांत सगळे शूरच कसे हो, मॅडम? घाबरलेला एकही नाही?" हा प्रश्न त्यांना मनापासून पडलेला असे, कारण ते स्वतः विलक्षण भित्रे होते. पाल दिसली की स्टुलावर चढत. इंजेक्शन घ्यायचं असलं की त्यांच्या पत्नी, सुधाताई, डॉक्टरांना आधी फोन करून कल्पना देत. लक्ष्मी रस्ता ओलांडायचा तर कुणीतरी धीट माणूस येईपर्यंत कडेला थांबत आणि मग त्याच्या आडोशाने पलीकडे जात.

नेमकं अशा माणसाच्या डोळ्यांदेखत ते घडलं. दुकानासमोर गजरे विकायला बसणाऱ्या अनसूयाबाईंना रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या एका मोटारीने धडक दिली आणि त्यांचा पाय मोडला. मोटार चालवत होता तो श्रीकांतरावांच्या जागामालकाचा पुतण्या. मागून मंगेश नावाचा तरुण मोटारसायकलवर येत होता. तो मूळचा वर्ध्याकडचा, वाघोलीत खोली घेऊन राहणारा, घरोघरी पार्सलं पोचवणारा. त्यानेच बाईंना उचलून रिक्षात घातलं. संध्याकाळपर्यंत पुतण्या सांगू लागला की धडक मोटारसायकलचीच होती. बघणारे पुष्कळ होते, पण विचारायला गेल्यावर जो तो गिऱ्हाइकात गुंतलेला. श्रीकांतरावांनी पोलिसांना पाहिलं तेवढं सांगितलं आणि घरी जाऊन कणकण आली म्हणून पांघरूण घेऊन निजले.

दोन दिवसांनी जागामालक दुकानात चहाला आले. भाडं जुनं आहे, करार जुना आहे, आपले संबंधही जुने आहेत, एवढंच म्हणाले आणि कप विसळून ठेवला. इतक्या सभ्यपणे की श्रीकांतरावांना त्या रात्री झोप लागली नाही. दुकान गेलं तर या वयात दुसरीकडे बस्तान बसणार नव्हतं. गौरी तेव्हा हिंजवडीत नुकतीच नोकरीला लागली होती. तीही काळजीने म्हणाली, "बाबा, दुसरं कुणी सांगेल की."

"मीही त्याचीच वाट बघतोय," श्रीकांतराव म्हणाले.

दुसरं कुणी आलं नाही. तारखा पडत गेल्या, पुढे ढकलल्या गेल्या. पहिल्या तारखेला ते दुकानातल्याच, रेडिओच्या तारांना कथलाचा डाग लावताना जागोजाग जळालेल्या शर्टावर गेले होते. त्यानंतर सुधाताईंनी एक पांढरा शर्ट इस्त्री करून दुकानाच्या दाराआड खिळ्याला टांगून ठेवला. त्याला नावच पडलं, कोर्टाचा शर्ट. साक्षीच्या दिवशी सुधाताईंनी मला बरोबर धाडलं. चक्कर आली तर धरा, म्हणाल्या. रिक्षात ते एकामागून एक आवळासुपारी चघळत राहिले. पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा त्यांचे हात मला मागच्या बाकावरूनही थरथरताना दिसत होते. ते पुतण्याच्या वकिलांनाही दिसले. खोटं बोलताय म्हणून हात कापतायत ना, असं त्यांनी आवाज चढवून विचारलं.

श्रीकांतरावांनी हातांकडे पाहिलं. "नाही हो, घाबरलोय म्हणून. मी पालीलाही घाबरतो. पण म्हणून भिंतीवर पाल नव्हतीच, असं कसं म्हणू?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनीही चष्मा काढून पुसला. त्यानंतर श्रीकांतराव जे सांगत गेले ते हळू आवाजात, मधे मधे पाणी पीत, पण कुठेही शब्द न बदलता. मी आयुष्यभर वर्गात लढाया शिकवल्या. हातांची थरथर मात्र कुठल्याच बखरीत सापडली नव्हती. लिहिणाऱ्यांनी ती गाळली असावी... श्रीकांतरावांचा प्रश्न काही अगदीच थट्टेचा नव्हता.

मंगेशवरचं बालंट टळलं. दरवर्षी हिवाळ्यात तो संत्र्यांची पिशवी दुकानात ठेवून जायचा. जागामालकांनी दुकान काढून घेतलं नाही, पण बोलणं टाकलं. दिवाळीचा फराळही बंद झाला. "चकल्या कडकच असायच्या त्यांच्या," एवढीच श्रीकांतरावांची तक्रार. शर्ट मात्र खिळ्यावरच राहिला. आता घरी न्या की तो, असं मी एकदा म्हटलं, तर मान वर न करता म्हणाले, "राहू दे. कधी काय दिसेल, सांगता येत नाही."

गेल्या शनिवारी मी अखेर दुकानात गेले. लोकांच्या वस्तू परत करायला गौरी सुट्टीच्या दिवशी दुकान उघडून बसते. तिने माझा रेडिओ काढून दिला. लावून बघितला, स्वच्छ वाजत होता. फळ्या बऱ्याचशा रिकाम्या झाल्या होत्या, हत्यारंही बांधून ठेवलेली दिसली. निघताना दार ओढलं तर आड तो शर्ट, खिळ्यावर तसाच. एवढा विसरलीस की काय, मी म्हटलं.

"नाही, विसरले नाही," गौरी म्हणाली. "असू दे तो. परवाच इस्त्री करून आणलाय."