छत्रीअप्पांची ओसरी

छत्रीअप्पा माप घ्यायचे ते फक्त दुपारी बारा ते दोनच्या मधे, आणि तेही माणसाला भर रस्त्यात उन्हात उभं करून. सकाळी दहाला गेलात तर "अजून ऊन कवळं हाय, जेवून या" म्हणून परत पाठवायचे. संध्याकाळी गेलात तर मान वर न करता "उद्या" एवढंच. सोलापुरात मे महिन्यात दुपारी बाराला नवी पेठेत शहाणा माणूस पाय ठेवत नाही. आम्ही फोटोग्राफर मंडळी मात्र डोक्याला रुमाल गुंडाळून गळ्यात कॅमेरे अडकवून त्यांच्यासमोर हजर असायचो. अप्पा एकेकाला दंडाला धरून रस्त्यावर न्यायचे. रिक्षावाले हॉर्न वाजवून आमचा उद्धार करायचे आणि अप्पा अगदी शांतपणे विचारायचे, "आता काचेत काय दिसतंय, सांग." काय दिसणार? स्वतःचंच घामेजलेलं तोंड.

"हां," अप्पा म्हणायचे, "म्हणून तर ओसरी पायजे."

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनला ते काच म्हणत आणि त्या काचेवर ऊन येऊ नये म्हणून जी झापडीची खोळ शिवत तिला ओसरी. आम्ही हुड म्हणायचो, पण त्यांच्यासमोर नाही. ही खोळ सगळ्या कॅमेऱ्याला धुळीपासून सांभाळायची आणि मागची झापड उघडली की काचेच्या तिन्ही बाजूंनी काळ्या भिंती उभ्या राहायच्या. आत डोकावलं की फोटो सावलीत बसल्यासारखा स्वच्छ दिसायचा. बाहेरून जुन्या छत्रीचं कापड, मधे ताठपणासाठी दवाखान्यातून आणलेल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मा, आतून काळी मखमल. माझ्या पहिल्या ओसरीत कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे होता. ऊन आरपार आलं की तो गुडघा मखमलीतूनसुद्धा दिसतो, असं माझा एक मित्र सांगत फिरायचा. ती शुद्ध थाप होती, पण अप्पांनी ती ऐकून मखमलीचा दुसरा थर घातला.

गंमत म्हणजे ते कॅमेऱ्याचं माप घ्यायचेच नाहीत. "क्यामेरा समद्यांचा सारखाच असतोय की. तोंडं येगळी असत्यात." कोण उजव्या डोळ्यानं बघतो, कोण डाव्या, कोणाला चष्मा आहे, कोण काच नाकाला चिकटवतो आणि कोण लांब धरतो, हे ते उन्हात उभ्या माणसाकडे पाहून ठरवायचे आणि खडूनं तळहातावर खुणा करायचे. "तुझ्या नाकाला दोन बोटं कापड जास्त लागतंय, तम्मा," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. तम्मा म्हणजे कन्नडमधे धाकटा भाऊ. त्यांच्या घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम.

मुळात ते छत्र्या दुरुस्त करणारे. एका कापड दुकानाच्या जिन्याखाली त्यांची जागा होती, उभं राहिलं तर डोकं पायरीला लागेल एवढी. आमच्याकडे छत्री उन्हासाठी जास्त आणि पावसासाठी कमी, त्यामुळे त्यांचा धंदा उन्हाळ्यातच. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो स्टुडिओतल्या लाइटची पांढरी छत्री घेऊन. तिच्या दोन काड्या मोडल्या होत्या. ते काम करत होते तोवर मी बाहेर रस्त्यावर फोटो तपासत बसलो, म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी काळी छत्री उघडून तिच्यात डोकं खुपसून. अप्पांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "तोंड लपवायसारखं काय केलंस रं?" मी त्यांना अडचण सांगितली. चार दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला, बारा वाजता कॅमेरा घेऊन ये.

अडचण अशी असते. उन्हात ती काच काळपट दिसते. फोटो अंधारा आलाय असं वाटून माणूस कॅमेऱ्यातला उजेड वाढवतो. अजून काळाच दिसतो, अजून वाढवतो. घरी येऊन बघावं तर नवरा-नवरी पिठात बुडवून काढलेली. असा एकदा पांढरा पडलेला चेहरा परत आणता येत नाही, कारण तिथं काही उरलेलंच नसतं. अप्पांनी आयुष्यात एक फोटो काढला नव्हता, पण ही गोष्ट त्यांना माझ्याआधी नीट कळली. "ऊन खोटं बोलत न्हाय. काच बोलती. काचेचं ऐकायचं आसंल तर तिला आधी सावलीत घ्यावं," असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे.

मखमलीचं अस्तर त्यांच्या मंडळी घालायच्या. शिवक्का. जिन्याखाली दोघांना जागा नव्हती, म्हणून त्या घरी हातानं टाके घालायच्या आणि दुपारी जेवणाच्या डब्याबरोबर तयार ओसऱ्या घेऊन यायच्या. बारीक चणीच्या, जरा चाललं तरी धाप लागणाऱ्या. पुढचे दोन दात पडल्यापासून त्या पदर तोंडावर धरूनच बोलायच्या, आणि कॅमेरा दिसला की पाठ फिरवायच्या. दुकानात आठ-दहा फोटोग्राफर रोजचे, पण शिवक्कांचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. मी एकदा गमतीनं कॅमेरा रोखला तर डबा तिथंच ठेवून त्या थेट रस्त्यापलीकडे गेल्या. अप्पा हसून म्हणाले, "माझ्याबी नशिबात हिचं तोंड लगीन झाल्यावर आठ दिसांनी आलं, तू कुटं घाई करतोस."

त्यांची एकुलती मुलगी महादेवी. तिचं लग्न मंद्रूपला ठरलं, मे महिन्यात, दुपारचा मुहूर्त. फोटो मीच काढणार हे कुणी ठरवायची गरजच नव्हती. त्याच सुमाराला मी नवा कॅमेरा घेतला होता. मोठी काच, आणि विकणाऱ्यानं सांगितलेलं की उन्हात लख्ख दिसते. अप्पा म्हणाले, "नव्या क्यामेऱ्याची ओसरी शिवून देतो. काच बदलली की माणूस ती धरतोयबी येगळी. बाराला ये." मी गेलो नाही. दुसऱ्यांदा निरोप आला, तरी गेलो नाही. कारण काही मोठं नव्हतं. ऊन फार होतं आणि मला रस्त्यात उभं राहायचा कंटाळा आला होता. दहा मिनिटांचं काम होतं ते.

मंद्रूपला अक्षता मांडवात पडल्या, ते फोटो चांगले आले. पण शिवक्का तेव्हा आत स्वयंपाकाकडे होत्या. जेवणं झाल्यावर पाठवणीच्या आधी मांडवाबाहेर घरच्यांचे फोटो काढायचे ठरले. ऊन डोक्यावर होतं. महादेवीनं आईला हाताला धरून ओढत आणलं. "अव्वा, आज तरी पदर सोड की," असं म्हणून तिनं आईच्या तोंडावरचा पदर स्वतःच्या हातानं खाली घेतला. आणि शिवक्का हसल्या. दात नसलेलं, तोंडभर, मोकळं हसू. मी एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा बघितलं. अप्पाही बघत राहिले. मी भराभर सात-आठ फोटो काढले. काचेत काळपट दिसत होते, म्हणून उजेड वाढवला. परत काढले, परत वाढवला.

स्टुडिओत येऊन ते फोटो कॉम्प्युटरवर उघडले. साडीचा काठ दिसत होता, हात दिसत होते, मागची भिंत पांढऱ्यात विरून गेली होती आणि शिवक्कांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा पांढरा होता. डोळे नाहीत, नाक नाही, ते हसू नाही. सगळ्या फोटोंत तेच. मी दोन दिवस नाना खटपटी केल्या. काही झालं नाही. मग अल्बम द्यायला गेलो तेव्हा अप्पांना म्हणालो, "बाहेरचे फोटो मिळाले नाहीत. कॅमेऱ्यातलं कार्ड खराब झालं."

खरं का नाही सांगितलं? लाज वाटली. ज्या माणसानं मला काचेचा खोटेपणा शिकवला त्याच्याच मुलीच्या लग्नात मी काचेचं ऐकलं, आणि तेही दहा मिनिटं उन्हात उभं राहायचा कंटाळा केला म्हणून, हे कोणत्या तोंडानं सांगणार? अप्पांनी "ओसरीबिगर काढलेस काय?" असं विचारलंसुद्धा नाही. "यंत्राचं काय घिऊन बसायचं," म्हणाले. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं. ते आठवलं की आज मला माझाच तिटकारा येतो.

महिना-दीड महिन्यानं शिवक्का गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपल्या. तेव्हा सगळ्यांच्या हातात चांगले मोबाइल नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते त्यांनी नवरा-नवरीचे फोटो काढले होते. घरात त्यांचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. अप्पांनी तो मोठा करून आणला, भिंतीवर लावला आणि आठवड्यानं काढून ठेवला. मला म्हणाले, "कोण बाई हाय ती? पोलिसानं धरून आणल्यागत बसलीया. माझ्या घरात मला वळखू यिना."

मग ते हळूच म्हणाले, "तम्मा, क्यामेऱ्यातलं ते कार्ड हाय का रं अजून?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण एक खोटं बोलून झालेलं होतं आणि आता ते मागे घेणं म्हणजे एका मेलेल्या बाईचं तोंड मी पुसलं असं कबूल करणं होतं. मी ड्रॉवर उघडला, त्यातलं एक जुनं मोडकं कार्ड काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. त्यात शिवक्कांचं काहीही नव्हतं.

अप्पांनी त्या कार्डाला काळ्या मखमलीची बोटभर खोळ शिवली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. पुढची कित्येक वर्षं ती तिथंच होती. नवी पेठेतल्या प्रत्येक मोबाइलवाल्याला त्यांनी ती दाखवली. कुणी म्हणालं पुण्याला होईल, तर ते एस.टी.नं पुण्याला गेले. तिथल्यानं सांगितलं, यात काही नाही. ते परत येऊन मला म्हणाले, "त्याचं मशीन बारकं होतं. मोठं निघंल की कवातरी." कुणी इंजिनियर गिऱ्हाईक आलं की खिशात हात जायचाच. मी समोर असलो तर दुसरीकडे बघायचो. बोलायचो मात्र पहिल्यासारखाच, चहा पाजायचो, नव्या ओसऱ्यांची ऑर्डर आणून द्यायचो. माणूस किती निगरगट्ट होऊ शकतो हे मला स्वतःवरून कळलं आहे.

हळूहळू ओसऱ्यांचं काम थांबलं. घरबसल्या मागवता येणारी प्लास्टिकची झापड आली, कॅमेऱ्यांतच सुधारणा झाल्या, आणि नव्या पोरांना बारा वाजता रस्त्यात उभं करणारा म्हातारा नकोसा झाला. कुणी सकाळी येऊन घाई केली तर अप्पा पूर्वीसारखेच "जेवून या" म्हणायचे, आणि ती पोरं परत यायची नाहीत. मखमल आता ते स्वतः लावत. टाके लांब पडायचे. स्वतःच उसवून परत घालायचे. शेवटी पाय चालेनात तेव्हा महादेवी त्यांना मंद्रूपला घेऊन गेली. जाताना मी भेटायला गेलो होतो. ते म्हणाले, "तम्मा, तू शिकल्याला माणूस. त्या कार्डाचं कुटं काय जमतंय का बघत ऱ्हा." मी "बघतो" म्हणालो. आमचं शेवटचं बोलणं तेच.

गेल्या वर्षी ते वारले. निरोप उशिरा कळला, माती झाल्यावर. त्या रात्री झोप लागली नाही असं वगैरे मी म्हणणार नाही, झोप लागली. पण सकाळी उठून मी जुनी हार्ड डिस्क काढली आणि त्या फोटोंपैकी एक छापला, आणि चौथ्या दिवशी मंद्रूपला गेलो.

महादेवीनं फोटो हातात घेतला. आधी तिला कळेना. मग तिचं बोट त्या पांढऱ्या चेहऱ्यावरून खाली सरकलं, हिरव्या बांगड्यांपाशी थांबलं, मग कमरेपाशी, जिथं पदर खोचलेला होता.

"अव्वा," ती म्हणाली. "ही अव्वाच हाय. बघा की, अशीच हुबी ऱ्हायची, एका पायावर भार दिऊन." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "पर दादा, कार्ड खराब झालं म्हणला होता न्हवं तुमी?"

मी सगळं सांगितलं. ओसरी घेतली नाही ते, काचेचं ऐकलं ते, कार्ड कोणतं दिलं ते. तिनं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"म्हंजी हा फोटो लग्नापास्नं तुमच्याकडं हाय."

"हो."

"तोंड न्हाय म्हणून दिला न्हाई?"

मी मान हलवली.

"दादा, तोंड तर अप्पाला पाठ होतं," ती म्हणाली. "त्यांना येवढंबी लई झालं असतं."

निघताना मी फोटो तिथं ठेवून उठलो, तर ती तो घेऊन दारापर्यंत आली आणि तिनं तो परत माझ्या हातात दिला. "मी अव्वाला बघितलंय," ती म्हणाली. "हा ज्यांच्यासाठी पायजे होता ते गेले. आता तुमीच सांभाळा."