किल्लीवाला दाराबाहेर

...हसू नकोस गं, आधी मी सांगते ते लिहून घे. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझा मामाआजोबा, चौकातला किल्लीवाला. गावभरची कुलुपं उघडून दिली, पण स्वतःच्या घराची किल्ली कधी कुणाच्या हाती दिली नाही. भिंतीला भिंत लागून मी सख्खी बहीण, मलासुद्धा नाही! "ताई, किल्ली दुसऱ्याकडे गेली की तिला पाय फुटतात," म्हणायचा.

मग तो गेला मुलाकडे, त्या लांबच्या थंड मुलुखात. सून कामावर जाणार, तान्ह्या नातीला सांभाळायला आजोबा. फोनवर रोज ऐकवायचा, "ताई, आपल्याकडे थंडी पाहुणी येते, इथं घरजावई होऊन बसलीय. आपला पाऊस वाजतगाजत येतो, इथला बर्फ चोरपावलांनी. आणि शेजार! आपल्याकडे फोडणी टाकली की शेजारीण विचारते, कसली? इथं समोरची लाल टोपीवाली म्हातारी नुसती मान हलवते."

एका दुपारी बाळ झोपलं. शेगडीवर दूध ठेवून हा कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर आला. बाळाला गार वारा लागू नये म्हणून सवयीनं दार ओढून घेतलं. आपलं दार लोटलं की नुसतं लोटलेलं राहतं. तिकडचं ओढलं की आपोआप लागतं. खट्! जन्मभर त्या आवाजावर पोट भरलेलं, ऐकताक्षणी कळलं त्याला. अंगात पातळ सदरा, पायात सपाता. फोन आत. हत्यारं इकडे, याच्याच घरात कुलूपबंद! आणि आत बाळ, शेगडीवर दूध.

खांदा लावला, दार ढिम्म. मग धावला समोर. भाषा कुठली यायला? हातांचा पाळणा करून हलवला, दाराकडे बोट दाखवलं, गाल फुगवून फुस्स करत दूध उतू घातलं. म्हातारीनं खुंटीवरची याच घराची किल्ली काढली. मुलानंच देऊन ठेवलेली, बापाला सांगायची छाती नव्हती!

दार उघडलं. दूध शेगडीभर, करपल्याचा वास. बाळ मात्र आपल्या पायाचा अंगठा चोखत मजेत पडलेलं. हा त्याला उराशी धरून बसला. म्हातारीनं शेगडी बंद केली, स्वतःची शाल त्याच्या अंगावर टाकली, मग फडकं घेऊन पुसायला लागली. पुसता पुसता आपल्या भाषेत बरंच काही बोलली.

"रागावलीच असणार, ताई. अगदी तुझा सूर. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

परत आला तो पहिल्याच दिवशी कानस घेऊन बसला. स्वतःच्या घराची दुसरी किल्ली घासली. मी म्हटलं, "ती बाई येणारे का इथवर कुलूप उघडायला?"

"न येऊ दे. तिच्या खुंटीवर असू दे."

"आणि मी रे?"

हसला, आणि तिसरी घासायला घेतली. बघ, आहे माझ्या कनवटीला.

तर तू आता शिकायला तिकडेच, त्याच शहरात चाललीस. ही दुसरी रुमालात बांधलीय. मोठ्या बॅगेत टाकू नकोस, जवळ ठेव. लाल टोपीवालीच्या हातात दे आणि सांग, तुमच्या शेजाऱ्यानं दिलीय.