आबांनी वाचवलेली म्हातारी

आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, जन्मात एकही पुस्तक मुकाट्यानं वाचलं नाही. पुस्तकातल्या माणसांशी ते भांडत, त्यांना सल्ले देत, आणि एखाद्यानं फारच गाढवपणा केला तर चष्मा काढून त्याच्याशी अबोला धरत. भवानीनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तर त्यांना दुसरा उद्योगच उरला नाही. अशा माणसाच्या हाती टेपरेकॉर्डर पडला, तो इंदापूरच्या बाईंमुळे. बाई आम्हा सगळ्या भावंडांच्या शिक्षिका. एकोणीसशे नव्वदनंतर त्यांची नजर पार गेली. घरभर पुस्तकं आणि एकही वाचता येईना. आबांच्या कानावर हे आलं तसे ते म्हणाले, "त्यात काय, मी वाचून कॅसेटी भरतो."

कॅसेट एसटीच्या कंडक्टरबरोबर इंदापूरला जाई. सुरुवातीला जयभीम, मग "बाई, चहा घिऊन बसा, प्रकरण मोठं हाय," आणि मग कादंबरी. नायिकेला कुणी मागणी घातली की आबा मध्येच थांबून म्हणत, "ह्ये पोरगं बरं न्हाय, आधीच सांगून ठिवतो." प्रेमाचं पान आलं की नुसता खोकला ऐकू येई आणि एकदम दुसरा दिवस उजाडे. मागून ट्रॅक्टर, शेळी आणि काकूंचं "जेवायचं का न्हाय?" हेही बाईंना ऐकायला मिळे.

भानगड झाली ती नायकाच्या आईच्या आजारपणात. पुस्तकात ती जाते. आबांच्या कॅसेटमध्ये मात्र तिला बारामतीच्या डॉक्टरनं तपासलं, सुई टोचली आणि ती उठून भाकरी थापायला बसली. पुढची कॅसेट भरताना आबा हे साफ विसरले. बाईंनी कॅसेटवरच निरोप भरून पाठवला, "आबा, म्हातारी बरी झाली होती ना? मग हा दहावा कुणाचा?"

मीच आबांना मोटरसायकलवर इंदापूरला नेलं. "तुमी घरात एकट्या," ते खाली बघत म्हणाले, "माझ्याच्यानं तिला मारवंना."

"आबा, मला दिसत नाही," बाई म्हणाल्या. "रडता अजून येतं. माझं पुस्तक मला पुरतं द्या."

मग आबांनी तिथंच बसून ते पान वाचलं. मध्येच थांबून ते चष्मा पुसत राहिले. बाईंनी घाई केली नाही.

त्यानंतर आबांनी एकही ओळ बदलली नाही. प्रेमाची पानंसुद्धा वाचली, जरा भरभर. पण कुणाच्या जाण्याचं पान जवळ आलं की ते टेप बंद करत, पुस्तक पिशवीत घालत आणि इंदापूरची एसटी धरत. आता दोघंही नाहीत. एकदा स्टँडवर मी त्यांना म्हणालो होतो, "कॅसेट पाठवली तरी चाललं असतं की, आबा."

"ह्ये एकट्यानं ऐकायचं न्हाय," ते म्हणाले आणि गाडीत चढले.