नसीमने न गाळलेलं प्रकरण

नसीम गेल्याची बातमी आमच्या एम.ए.च्या वर्गाच्या जुन्या ग्रुपवर आली. त्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही येत नसे, त्यामुळे मी संध्याकाळपर्यंत तो उघडलाच नाही. तोवर दफनविधी उरकला होता. तिला किडनीचं दुखणं आहे हे आम्हाला ठाऊक होतं. ते इतकं पुढे गेलंय, हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. आता महिना होत आला...

स्त्रीवादी दृष्टीने सिनेमा आणि माध्यमं शिकायला आम्ही एकाच वर्षी आलो. मी अकोल्याहून पुण्यात, ती येरवड्यातल्या घरून, हिंजवडीतली बरी चाललेली नोकरी सोडून. "पडद्यावरच्या बाईकडे कोण कसं बघतं, हे शिकायला दोन वर्षं?" असं तिच्या मोठ्या भावाने विचारलं होतं. "कमीच पडतील," ती म्हणाली होती.

प्रबंधासाठी तिने आपल्या आईलाच बोलतं केलं. अम्मींना कौटुंबिक सिनेमे फार आवडायचे. नवरा हात उगारतो, बायको सोसते, शेवटी तो माफी मागतो... असले. का आवडतात, असं नसीमने विचारल्यावर अम्मी म्हणाल्या, "त्यात निदान माफी तरी मागतो." नसीमने ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं.

आमच्या मार्गदर्शक मॅडमना ते पटलं नाही. पुरुषी नजर या बाईंमध्ये किती मुरली आहे ते दाखवा, नाहीतर प्रकरण गाळा, असं त्यांचं म्हणणं. नसीम शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी आईला दुरुस्त करायला एम.ए. करत नाहीये. तिला त्यात काय दिसतं, ते मला समजून घ्यायचंय."

"मग प्रबंध कशाला? गप्पाच छापा की," मॅडम म्हणाल्या.

आम्ही बाकीच्या मुली वेळेत पास होऊन पांगलो. नसीमने प्रकरण गाळलं नाही, पुन्हा पुन्हा लिहिलं, आणि तिची पदवी वर्षभर लांबली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई नेमक्या त्याच प्रकरणावर तिच्याशी बराच वेळ बोलत राहिल्या. हे तिने मला नंतर फोनवर सांगितलं, तेही जाता जाता. "मॅडमनी चहा पाजला," एवढीच पुस्ती जोडली.

परवा रविवारी अम्मींना भेटायला गेले. टीव्हीवर मालिका चालू होती, आवाज बंद. मला वाटलं, मी आले म्हणून बंद केला असेल.

"नाही बेटा," अम्मी म्हणाल्या. "ती असंच बघायची. आजारपणात रोज दुपारी इथे माझ्याशेजारी बसून. आवाज असला की मी गोष्टीत वाहून जाते, म्हणायची. आता मलाही आवाज नको वाटतो."

मग आम्ही दोघी तशाच बघत बसलो. पडद्यावर मोठं टेबल, घरातली सगळी माणसं जेवत होती, हसत होती... बऱ्याच वेळाने अम्मी म्हणाल्या, "ती सून बघ. मघापासून उभीच आहे."